लंडनला राजनैतिक अधिकाऱ्याच्या घरी बुडालेला पगार मागता येतो काय?

अनेरकाठ, चोपडा

माझ्या थोरल्या चुलतबहिणीसाठी सल्ला हवा आहे. आम्ही सारे तिला जिजी म्हणतो. जिजी भुसावळला रेल्वेतील एका अधिकाऱ्यांकडे स्वयंपाकाला होती. त्यांची बदली दिल्लीला झाली तेव्हा ती त्या कुटुंबाबरोबर गेली आणि पुढे तेथेच एका परदेशी दूतावासातील अधिकाऱ्याच्या घरी कामाला लागली. २०२२ च्या ऑक्टोबरात त्या अधिकाऱ्याची नेमणूक लंडनला झाली व जिजीलाही सोबत नेण्यात आले. व्हिसासाठी केलेल्या करारात तासाचा पगार पौंडात लिहिलेला होता, आठवड्याची एक सुट्टी होती, स्वतंत्र खोलीही होती. प्रत्यक्षात तिच्या दिल्लीच्या बँक खात्यात महिन्याला २२,००० रुपये येत, आणि पहिल्या चौदा महिन्यांनंतर ‘एकदम हिशेब करू’ असे सांगून तेही थांबले. पासपोर्ट पहिल्या दिवसापासून बाईसाहेबांच्या कपाटात होता. दोन महिन्यांपूर्वी त्या अधिकाऱ्याची बदली तिसऱ्याच देशात झाली आणि जिजीला एका बॅगेनिशी मुंबईच्या विमानात बसवून देण्यात आले. हिशेब झालाच नाही.

तिने बरोबर आणलेली एक गोष्ट मात्र मला महत्त्वाची वाटते. दरवर्षीचे कालनिर्णय ती स्वयंपाकघरात लावून घेत असे आणि रोज रात्री अंथरुणाला पाठ टेकण्यापूर्वी त्या तारखेच्या चौकोनात वेळ लिहीत असे. जिजी चौथीपर्यंत शिकलेली आहे. आमचे आजोबा कपाशीच्या वजनाच्या वहीत लिहीत, तसेच तीही साडेअकरा हे ‘११॥’ असे लिहिते. सुट्टी मिळालेल्या दिवशी फुली मारायची असे तिने ठरवले होते. २०२३ च्या बाराही पानांवर मिळून तीन फुल्या आहेत.

घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात की दूतावासाच्या माणसांना कायदाच लागत नाही, तेव्हा झाले गेले गंगेला मिळाले. हे खरे आहे काय?

वकिली, जळगाव

अर्धेच खरे आहे. राजनैतिक संबंधांविषयीच्या १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या ४१ व्या कलमानुसार, ज्या देशात नेमणूक आहे तेथील कायदे पाळणे हे अशा अधिकाऱ्याचे कर्तव्यच आहे. २९ व ३१ ही कलमे त्याला फक्त तेथील अटकेपासून आणि कोर्टापासून संरक्षण देतात. म्हणजे कायदा लागतो, पण तो बजावणारे कोर्ट त्याला बोलावू शकत नाही. हा फरक शब्दच्छलाचा वाटेल, पण तुमच्या जिजीचे सारे प्रकरण त्यावरच उभे आहे, कारण कोर्टापुढचे हे संरक्षण जन्मभराचे नसते. ३९ व्या कलमाप्रमाणे नेमणूक संपून अधिकारी तो देश सोडून गेला की त्याचे संरक्षण केवळ सरकारी कर्तव्य म्हणून केलेल्या कृतींपुरते उरते. घरात भांडी घासून घेणे हे कोणत्याही राष्ट्राचे सरकारी कर्तव्य नाही.

हे माझे मत नव्हे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये एका सौदी अधिकाऱ्याच्या प्रकरणात नेमके हेच सांगितले. फिलिपिन्सच्या घरकामगार महिलेने दावा केला तेव्हा तो पदावर होता. प्रकरण वरच्या न्यायालयात पोहोचेपर्यंत त्याची नेमणूक संपली होती आणि म्हणून संरक्षणही संपले होते. अमेरिकेतही २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने एका भारतीय महिलेने कुवेतच्या माजी अधिकाऱ्याविरुद्ध केलेल्या दाव्यात हीच भूमिका घेतली.

पदावर असलेल्या अधिकाऱ्याचे काय, हा त्याहून अवघड प्रश्न होता. ३१ व्या कलमात ‘व्यावसायिक किंवा व्यापारी उद्योग’ हा अपवाद आहे. १९९६ मध्ये अमेरिकी अपील न्यायालयाने घरी नोकर ठेवणे हा असा उद्योग नव्हे असे ठरवले, आणि बरीच वर्षे तोच अर्थ चालत राहिला. ६ जुलै २०२२ रोजी मात्र ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी वेगळा निर्णय दिला. त्या दाव्यातील फिलिपिनो महिलेचे म्हणणे असे होते की तिला केवळ कचरा टाकण्यापुरते घराबाहेर जाऊ देत, सकाळी सातपासून रात्री साडेअकरापर्यंत राबवून घेत, आणि हाकेला केव्हाही धावून यावे म्हणून अंगावर घंटी बाळगायला लावत. न्यायालय म्हणाले की साधी नोकरी ही व्यापारात मोडत नाही. पण हे आरोप खरे असतील, तर माणसाला बळजबरीने राबवून स्वतःचा पैसा वाचवणे हा नफ्याचाच उद्योग ठरतो, आणि मग संरक्षण मिळत नाही. निकाल जेमतेम एका मताचा आहे, हे विसरू नये.

जिजीला या दुसऱ्या दाराची गरज नाही. साहेब लंडन सोडून गेले आहेत, त्यामुळे गुलामगिरी सिद्ध न करताही केवळ पगाराचा दावा तेथे लावता येईल. अडचण निराळी आहे. तेथील कामगार न्यायाधिकरणाची मुदत अगदी थोडी, महिन्यांत मोजण्यासारखी असते, आणि त्यातले दोन महिने तुम्ही घरात चर्चा करण्यात घालवले आहेत. दुसरे असे की निकाल हाती येणे आणि पैसे हाती येणे यांत फार अंतर आहे. साहेब तिसऱ्या देशात पुन्हा तेथल्या संरक्षणाखाली असतील.

कालनिर्णयाची पाने जपून ठेवा. एक बारीक सूचना : भाषांतर करून घेताना ‘११॥’ म्हणजे साडेअकरा हे भाषांतरकाराला लेखी सांगा. तो तरुण असेल तर त्या दोन उभ्या रेघांना आणखी दोन एक समजेल, आणि सगळी नोंदच हास्यास्पद ठरेल.

पांझरा, धुळे

वकीलसाहेबांचे विवेचन पटले, परंतु आपल्याकडे हा विषय निघाला की आठवणीत फक्त डिसेंबर २०१३ येतो. न्यूयॉर्कमधील भारताच्या उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली, त्यांची अंगझडती घेतली गेली, आणि दिल्लीत अमेरिकी दूतावासासमोरचे अडथळे आपल्या सरकारने उचलून टाकले. आमच्या कॉलेजात त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. अंगझडतीचा संताप रास्तच होता. पण त्यांच्या घरकामगार महिलेच्या व्हिसाच्या करारात तासाला ९.७५ डॉलर आणि दुसऱ्या करारात महिन्याला ३०,००० रुपये, या आरोपाची आकडेमोड आमच्यापैकी एकानेही कागदावर करून पाहिली नाही. खोब्रागडे वाणिज्य दूतावासात असल्याने त्यांचे संरक्षण सरकारी कामापुरतेच होते. संयुक्त राष्ट्रांतील कार्यालयात नेमणूक झाल्यावर ते पूर्ण झाले, आणि मार्च २०१४ मध्ये त्याच कारणावरून आरोपपत्र रद्द झाले. दोनच दिवसांनी नवे आरोपपत्र दाखल झाले. आरोप खरे की खोटे, हे तपासण्याची वेळच त्या रद्द झालेल्या खटल्यात आली नाही.

सप्टेंबर २०१५ मध्ये गुडगावच्या एका सदनिकेतून दोन नेपाळी महिलांची सुटका झाली आणि बलात्काराचा आरोप असलेला सौदी अधिकारी त्याच संरक्षणाच्या आधारे देश सोडून गेला, तेव्हा आपण सारे नेमके उलट बोलत होतो. करार तोच होता, कलमही तेच होते.

निवृत्त, भुसावळ

धाकटा भाऊ काही वर्षे एका अडचणीच्या देशात आपल्या दूतावासात लिपिक होता, म्हणून थोडे वेगळे लिहितो. हे संरक्षण नसते तर तेथील पोलिसांनी कोणत्याही खोट्या तक्रारीवर आपल्या माणसांना उचलले असते. ‘संरक्षणच काढून टाका’ असे म्हणणाऱ्यांनी हा विचार करावा. मात्र ते संरक्षण अधिकाऱ्याच्या मालकीचे नसून त्याच्या देशाचे आहे. ३२ व्या कलमाने तो देश ते सोडू शकतो, आणि ३१ व्याच कलमात लिहिले आहे की स्वतःच्या देशाच्या कायद्यातून अधिकारी सुटत नाही. मागणी करायची तर ती त्याच्या सरकारकडे करावी. ते सरकार दाद देईल अशी आशा मला फारशी नाही, परंतु लेखी नकार मिळाला तर तोही उपयोगी कागद ठरतो.

घरकामगारांसोबत, नंदुरबार

यजमान देशही बरेच करू शकतो. स्वित्झर्लंडने २०११ मध्ये राजनैतिक घरांतील कामगारांसाठी वेगळा नियम केला आणि महिन्याला किमान १,२०० फ्रँक रोख पगार, शिवाय खाणेपिणे व राहणे ठरवून दिले. अमेरिकेच्या २००८ च्या कायद्यानुसार ज्या दूतावासाची माणसे अशी पिळवणूक करतात आणि दूतावास ती चालवून घेतो, त्याला पुढे घरकामगारांचे व्हिसाच न देण्याची तरतूद आहे. कोर्टात न खेचताही दूतावासाला झोंबेल असा हा उपाय आहे, आणि मला तो खटल्याहून परिणामकारक वाटतो.

आपल्या बाजूची उणीवही सांगते. आपली स्थलांतर-परवानगीची व्यवस्था १८ देशांपुरती आहे आणि त्यांत आखातच मुख्य. तेथे घरकामाला जाणाऱ्या बाईचे वय ३० पूर्ण हवे, एजन्सी सरकारी हवी, असे नियम आहेत. लंडन त्या यादीत नाही, त्यामुळे जिजीचा करार आपल्याकडच्या कोणत्याही कार्यालयाने पाहिलेला नाही. घरकामगारांची कागदपत्रे त्यांच्याच ताब्यात असावीत असे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०११ चा १८९ क्रमांकाचा करार सांगतो; त्याला भारताने मान्यता दिलेली नाही, ब्रिटननेही नाही.

आता कामाचे. जिजींकडे व्हॉट्सॲपचे जुने आवाजी निरोप असतील तर फोन बदलू नका आणि दुरुस्तीलाही देऊ नका. दिल्लीच्या खात्याचा उतारा बँकेकडून शिक्क्यासह घ्या. आणि त्या कुटुंबाकडून आता ‘पूर्ण हिशेब मिळाला’ असा कागद सहीसाठी आला, तर आधी येथे लिहा.

अनेरकाठ, चोपडा

सर्वांचे आभार. काल रात्री जिजीला घेऊन बसलो आणि प्रत्येक पानाचा फोटो काढला. सप्टेंबर २०२३ चे पान निम्मेच आहे. त्या घरातल्या लहान मुलीने त्याच्या मागे चित्र काढले आणि फाडून नेले, असे ती म्हणाली. आणि त्या मुलीबद्दल बोलताना मात्र तिचा आवाज बदलला, तिला भात भरवल्याशिवाय ती झोपत नसे म्हणे. वकीलसाहेब, अर्धे पान जोडले तर चालेल, की तो महिना वगळूनच दावा मांडावा? सोमवारी जळगावला तुमच्याकडे येतो आहोत.