नॅसवरून (नेटवर्कवरच्या साठवणीच्या डब्यावरून) बॅकअप रिस्टोअर केलं, लिनक्स इमर्जन्सी मोडमध्ये (बूट पूर्ण न झाल्यास येणाऱ्या दुरुस्तीच्या अवस्थेत) अडकतंय

रत्नागिरीहून प्रश्न : नव्या एसएसडी डिस्कवर नॅसमधून आरसिंकने (फायली कॉपी करणाऱ्या साधनाने) सगळं आणलं, ग्रबही (लिनक्स सुरू करून देणारा बूटलोडर) बसवलं. तरी बूट अडतं. काय राहिलं?

मालवणहून उत्तर : एफएसटॅबमध्ये (बूट होताना कोणते डिस्क-विभाग जोडायचे त्या यादीच्या फाइलमध्ये) जुन्या डिस्कचे यूयूआयडी (विभागांचे ओळख-क्रमांक) राहिलेत. रूट पासवर्ड देऊन आत शिरा, 'बीएलकेआयडी' या आज्ञेने नवे बघून घाला. ईएफआय विभागाचा (बूटच्या फायलींचा विभाग) आयडी आखूड असतो, ८ अक्षरी. तोच हमखास चुकतो. स्वॅपची (रॅमला पूरक डिस्कवरची जागा) ओळ चुकीची असेल तर बूट ९० सेकंद खोळंबतं.

चिपळूणहून उत्तर : लाइव्ह पेनड्राइव्हवरून (त्यावरूनच लिनक्स चालवून) आणताना आरसिंकला 'न्यूमेरिक-आयडीज' (मालक नावाने नव्हे, क्रमांकाने जुळवा) हा पर्याय दिला होता का? नसेल तर फायलींची मालकी बिघडते, डेटाबेस उठत नाही. नॅसवरच्या सांबा शेअरवर (विंडोज पद्धतीच्या सामायिक फोल्डरवर) तर मालकी टिकतच नाही, तिथे टार करूनच (सगळं एका फाइलमध्ये बांधून) ठेवा.