जास्वंद लाल गोळा दिसते, मोगरा हिरवट येतो: फोटो आणि एडिटिंग दोन्हींत मदत हवी

गच्चीबाग_जुळेसोलापूर:

गच्चीवर लाल जास्वंद, मोगरा, गोकर्ण, बोगनवेल, सदाफुली अशा कुंड्या आहेत. वर ५० टक्क्यांचं हिरवं शेडनेट आहे. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, क्रॉप सेन्सरचा; लेन्स १८-५५ किट. ट्रायपॉड आहे. एडिटिंगला लॅपटॉपवर गिंप आणि डार्कटेबल, मोबाइलवर स्नॅपसीड. विकतचं सॉफ्टवेअर नको आहे.

अडचणी अशा:
१) लाल जास्वंदीच्या पाकळीवरच्या शिरा आणि मखमली पोत फोटोत येतच नाही. नुसता लाल गोळा दिसतो. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) मात्र ठीक दिसतो.
२) मोगरा हिरवट येतो. टिंट (हिरवा-गुलाबी स्लायडर) सरकवून पांढरा केला की बाजूची भिंत आणि कुंडी गुलाबी होते.
३) जास्वंदीचा मधला दांडा स्पष्ट आला तर पाकळ्या धूसर, पाकळ्या आल्या तर दांडा धूसर.

भिंतीवर लावायला १२×१८ इंचांच्या दोन प्रिंट करायच्या आहेत. एक साधा, नीट फोटो. दुसरी, फुलापासून सोलापुरी चादरीच्या नक्षीसारखं डिझाइन. ते कसं बांधायचं, तेही सांगा.

---

पाकळी_आणि_पिक्सेल:

पहिल्या अडचणीचं मूळ हिस्टोग्राममध्येच आहे. कॅमेऱ्यात साधारणपणे दिसतो तो पांढरा हिस्टोग्राम उजेडाचा असतो आणि त्यात हिरव्या चॅनेलचा वाटा सगळ्यांत मोठा. लाल जास्वंदीत हिरवा, निळा जवळजवळ नसतोच. त्यामुळे फ्रेम भरून फूल घेतलं की मीटरला वाटतं दृश्य काळोखं आहे, तो एक्स्पोजर वाढवतो. लाल चॅनेल उजव्या भिंतीला जाऊन चिकटतो आणि पांढरा आलेख मधेच शांत बसलेला दिसतो. चिकटलेल्या लाल चॅनेलमध्ये शिरांचा फरक उरतच नाही, मग एडिटिंगमध्ये आणणार कुठून?

म्हणून कॅमेऱ्यात आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगळा दाखवणारा) हिस्टोग्राम चालू करा. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा. पिक्चर स्टाइल न्यूट्रल ठेवा, कारण कॅमेऱ्यातला हिस्टोग्राम रॉवरून नाही, आतल्या जेपीईजीवरून बनतो आणि भडक स्टाइल त्याला खोटं लाल करते. मग एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे १ पासून सुरू करा आणि लालचा डोंगर उजव्या कडेपासून जरा आत येईपर्यंत कमी करत जा. पडद्यावर फोटो काळपट दिसेल, दिसू द्या.

आता शिरा. लाल फुलात त्या हिरव्या चॅनेलमध्ये जास्त ठळक असतात. गिंपमध्ये लेयरची प्रत करा. प्रतीवर कलर्स मेनूतला मोनो मिक्सर लावून हिरवा १, लाल आणि निळा ० करा. हा लेयर फार काळा येईल, म्हणून लेव्हल्समध्ये मधला त्रिकोण डावीकडे ओढून पाकळी मध्यम करड्या छटेला आणा. ही पायरी चुकवली की फूल वांग्याच्या रंगाचं होतं. मग लेयर मोड ल्युमिनन्स, ओपॅसिटी २५ ते ३५ टक्के, आणि मास्क लावून परिणाम फक्त फुलावर ठेवा. सॅच्युरेशन वाढवायचा मोह इथे आवरा. उलट लालचं १०-१५नं कमी करा, पोत लगेच वर येतो.

मोगऱ्याचं वेगळं. नेटखाली दोन उजेड एकत्र असतात: छिद्रांतून थेट येणारं ऊन आणि हिरव्या पट्ट्यांना आपटून, गाळून येणारा हिरवा उजेड. ऊन लागलेली पाकळी जवळजवळ पांढरी, सावलीतली हिरवी. टिंटचा स्लायडर दोघांना एकाच मापानं ढकलतो, म्हणून तुमची भिंत गुलाबी होते. डार्कटेबलमध्ये आधी उजळ भागावर कलर कॅलिब्रेशन करा, मग कलर बॅलन्स आरजीबीमध्ये फक्त शॅडोजला थोडी मॅजेंटा छटा द्या. संदर्भासाठी ग्रे कार्ड घ्या. ए४ कागद घेऊ नका, त्यात निळसर चमक देणारं द्रव्य असतं, त्यावरून मोजलं की फोटो पिवळट होतो.

खरं सांगायचं तर यातलं काहीच करायला लागू नये. फोटोपुरती कुंडी नेटबाहेर, उत्तरेकडच्या भिंतीच्या सावलीत न्या. दहा मिनिटांत झाडाला काही होत नाही आणि तासाभराचं एडिटिंग वाचतं. भिंत पांढरी असेल तर उत्तमच, निळी-गुलाबी असेल तर तिचाही रंग पाकळीवर येतो, हे ध्यानात ठेवा.

मोगऱ्याचं एक्स्पोजर मात्र फ्रेम बघून ठरवायचं. गजऱ्यासारखी फुलं फ्रेम भरून असतील तर मीटर त्यांना करडं करतो, अधिक ०.७ द्या. गडद पानांत एकच फूल असेल तर उलटं होतं, फूल जळतं. तिथे उणे ०.७.

---

काळीमाती_होटगीरोड:

थोडं उजेड, वारा आणि पाण्याबद्दल, कारण आपल्याकडे तिन्ही त्रास देतात.

मे महिन्यात सहाच्या आतच सूर्य वर येतो आणि साडेसातनंतर गच्चीवरचा उजेड कडक होतो. जानेवारीत सूर्योदय सातच्या आसपास, तेव्हा साडेआठपर्यंत चालतं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तर भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, फुलाच्या वरची बाजू पांढरी फटक आणि खालची काळी. त्या वेळी काढायचंच असेल तर पांढऱ्या मलमलीचा एकेरी तुकडा चौकटीत ताणून फुलाच्या वर एक-दीड फुटावर धरा. खालून थर्माकोलचा तुकडा लावला की खालच्या पाकळ्या उजळतात.

वाऱ्याला कपड्यांचा चिमटा. कुंडीत बांबूची काडी खोचा, चिमटा तिला तारेनं बांधा आणि फुलाच्या खाली देठ हलकेच पकडा. तरीही शटर १/५०० ठेवा. ट्रायपॉडमुळे कॅमेरा स्थिर राहतो, फूल नाही.

बोअरचं पाणी फुलांवर फवारू नका. क्षारामुळे थेंब वाळले की पांढरे डाग राहतात, आणि क्लोजअपमध्ये ते धुळीपेक्षा वाईट दिसतात. फिल्टरचं पाणी घ्या. थेंब टिकायला हवे असतील तर त्यात निम्मं ग्लिसरीन मिसळा, नंतर साध्या फिल्टर पाण्यानं फूल धुवा, नाहीतर चिकट पाकळीवर धूळ बसते. साखरेचं पाणी वापरलं तर मुंग्या आल्याच म्हणून समजा.

मागे काळी पार्श्वभूमी हवी असेल तर काळं मखमल. फुलापासून किमान दोन फूट मागे आणि सावलीत धरा. फुलाला लागून धरलं तर त्याची लव दिसते आणि काळं करडं होतं. मोबाइलचा पोर्ट्रेट मोड जास्वंदीला लावू नका, पुंकेसरांची टोकं तो खाऊन टाकतो.

---

गच्चीबाग_जुळेसोलापूर:

उणे १.३ वर लाल नीट आला, शिराही दिसताहेत. कुंडी नेटबाहेर नेली आणि मोगऱ्याचा प्रश्नच मिटला.

तिसऱ्या अडचणीवर एफ/२२ करून बघितलं, सगळंच मऊ आलं. फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसचे फोटो एकत्र जोडणं) करावं का? किती फोटो लागतील?

---

पाकळी_आणि_पिक्सेल:

एफ/२२ वर डिफ्रॅक्शन होतं, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरतो आणि फोटो मऊ येतो. तुमच्या सेन्सरवर एफ/११ च्या पुढे न गेलेलं बरं.

स्टॅकिंगच्या आधी कोन बदलून बघा. १२ सेंटिमीटरचं फूल फ्रेमच्या उंचीत भरलं की एफ/११ ला साधारण ३ सेंटिमीटर खोली स्पष्ट मिळते. समोरून बघितलं तर दांड्याच्या टोकापासून पाकळीच्या मुळापर्यंत अंतर ७-८ सेंटिमीटर, ते बसणारच नाही. पण बाजूनं घेतलं की दांडा सेन्सरला समांतर येतो, आणि ३ सेंटिमीटरमध्ये तो आणि जवळची पाकळी दोन्ही बसतात. जास्वंदीचं रूप खुलतंही बाजूनंच, असं माझं मत.

समोरूनच हवं असेल तर स्टॅक करा. एफ/८ ला खोली २ सेंटिमीटरच्या आसपास मिळते. एक-तृतीयांश भाग एकमेकांवर येऊ द्यायचा म्हणजे सहा फोटो, हात राखून आठ घ्या. एक्स्पोजर मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स कायम, फोकस मॅन्युअल, टोकाकडून मागे. वारा पूर्ण पडलेला असताना, सूर्योदयानंतर लगेच. जोडणीला ह्युजिन हा फुकट प्रोग्राम बसवा, सोबत अलाइन इमेज स्टॅक आणि एन्फ्यूज येतात. आधी अलाइन, कारण फोकस बदलला की फुलाचा आकारही किंचित बदलतो. एन्फ्यूजमध्ये एक्स्पोजर आणि सॅच्युरेशन वेट ०, कॉन्ट्रास्ट वेट १, हार्ड मास्क चालू. हार्ड मास्क विसरलात तर सगळं धुरकट जोडलं जातं. दांड्याभोवती पाकळीवर धूसर कडा उरते, ती मागच्या पाकळीवर फोकस असलेल्या फोटोतून गिंपमध्ये मास्क करून भरायची. ती थोडी तरी राहतेच, कारण दांड्यानं झाकलेली पाकळी कुठल्याच फोटोत स्पष्ट नसते.

---

ताणाबाणा:

डिझाइनबद्दल. चादरीची नक्षी दोन गोष्टींवर उभी असते: आरशासारखी उलटापालट आणि मोजके रंग. दोन्ही गिंपमध्ये जमतं, फक्त माप आधी ठरवा.

१२×१८ इंच, ३०० पीपीआय (इंचाला पिक्सेल), म्हणजे ३६००×५४०० पिक्सेल. चारही बाजूंनी १ इंचाचा काठ सोडला की आत ३०००×४८०० उरतात. त्यात १५००×१२०० चे तुकडे दोन आडवे, चार उभे बसतात. ओळी चारच हव्यात. तीन केल्या तर वरची आणि खालची कड सारखी येत नाही, आणि चादरीत ते लगेच खटकतं.

क्रॉप टूलला ५:४ चं प्रमाण कायम करून तुकडा कापा, १५००×१२०० ला आणा. कॅनव्हास ३०००×१२०० करा, लेयरची प्रत काढून आडवी फिरवा, बरोबर १५०० वर ठेवा, एकत्र करा. कॅनव्हास ३०००×२४००, प्रत उभी फिरवा, १२०० वर ठेवा, एकत्र करा. आता कॅनव्हास ३०००×४८००, हा पूर्ण गट न फिरवता तसाच एकदा खाली, २४०० वर. हातानं ओढून ठेवू नका, एका पिक्सेलची फट पडली तरी प्रिंटमध्ये पांढरी रेघ दिसते. गाइड लावा आणि त्यांना चिकटू द्या.

सगळा खेळ पहिला तुकडा कुठे कापता यात आहे. देठ किंवा पाकळीची कड कापाच्या रेषेला काटकोनात भिडली तर आरशात ती सलग वाहते. तिरकी भिडली तर टोकदार व्ही होतो. एक-दोन व्ही नक्षीत शोभतात, चारी बाजूंनी झाले तर काटे वाटतात. यासाठी फोटो मलमलीखालच्या मऊ उजेडातला हवा. उन्हातल्या फोटोत सावली एका बाजूला असते, उलटवल्यावर दोन सूर्य दिसतात.

मला जास्वंदीपेक्षा बोगनवेल यासाठी जास्त आवडते. तिचे रंगीत भाग म्हणजे कागदासारखी सपाट पानं (खरं फूल आत, छोटं पांढरं), शिरा ठळक आणि रंग एकसारखा. नक्षी सुटसुटीत येते.

रंग कमी करायला पोस्टराइझ वापरू नका. ते प्रत्येक चॅनेल वेगळा तोडतं, ४ लेव्हल दिल्या तरी ६४ पर्यंत रंग होऊ शकतात. आधी ८-१० पिक्सेलचा मीडियन ब्लर द्या, म्हणजे रंगांच्या कडा तुटक येत नाहीत. मग इमेज, मोड, इंडेक्स्ड, ऑप्टिमम पॅलेट, ६ रंग, डिदरिंग (ठिपके मिसळून मधल्या छटा दाखवणं) बंद. हे पहिल्या तुकड्यावरच करा. कलरमॅपमधून एकेक रंग बदलता येतो: गडद मरून, मोहरी पिवळा, बाटली हिरवा असे चादरीचे रंग द्या. झालं की परत आरजीबी, मगच जोडणी.

काठासाठी गोकर्णीचा ३००×३०० चा तुकडा घ्या. लांबीला १६, रुंदीला १० बसतात. दोन्ही सम संख्या, म्हणून एक सुलटा, एक उलटा असं शेवटपर्यंत जमतं. चार कोपऱ्यांत वेगळं फूल ठेवा, सदाफुली छान बसते, पाच पाकळ्यांमुळे.

---

पाकळी_आणि_पिक्सेल:

प्रिंटबद्दल. तुमचा ६०००×४००० चा फोटो १२×१८ ला न कापता ३३३ पीपीआयनं बसतो, मोठा करायची गरज नाही. फाइल एसआरजीबी, जेपीईजी, क्वालिटी ९५. लॅबवाल्यांना ऑटो करेक्शन बंद ठेवायला स्पष्ट सांगा, नाहीतर तुम्ही खाली आणलेला लाल मशीन पुन्हा वर चढवतं.

मोठी प्रिंट देण्याआधी जास्वंदीचा मधला भाग पूर्ण आकारातच ४×६ मध्ये कापून एक नमुना काढून घ्या. लॅपटॉपचा पडदा बहुधा जास्त उजळ असतो, त्यामुळे प्रिंट काळपट वाटते. नमुना दिवसाच्या उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली नको. काळपट असेल तर पडद्याचा ब्राइटनेस नमुन्याशी जुळेपर्यंत कमी करा आणि मग फोटो उजळा.

जास्वंदीला मॅट कागद घ्या, मखमली पोत त्यावर खुलतो. चादरीच्या डिझाइनला कॅनव्हास चालेल, पण कॅनव्हास चौकटीवर ताणताना कड मागे दुमडली जाते. तुमचा १ इंचाचा काठ त्यात नाहीसा होईल. कॅनव्हासच ठरला तर काठाबाहेर चारी बाजूंनी दीड इंच मरून रंग वाढवून ३६००×५४०० ऐवजी ४५००×६३०० ची फाइल द्या, म्हणजे १५×२१ इंच. रुंदीत ३६०० अधिक ९००, लांबीत ५४०० अधिक ९००, एवढाच हिशेब.