जुना ओव्हरक्लॉक वर्षानुवर्षं टिकला, नवा प्रोसेसर रिकामा बसल्यावर का पडतो?

रात्रपाळी:
माझा जुना प्रोसेसर, इंटेलचा आय५-२५००के, घेतल्यापासून ओव्हरक्लॉक करून, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने, ४.४ गिगाहर्ट्झवर होता. मल्टिप्लायर (मूळ घड्याळाला गुणायचा आकडा) ४४, व्होल्टेज जरासं चढवलं, प्राइम९५ हे प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारं चाचणीचं सॉफ्टवेअर रात्रभर लावलं. सकाळी चालू दिसलं, विषय संपला. आता एएमडीचा रायझन ५ ५६००एक्स आहे. कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये, म्हणजे प्रत्येक कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करायच्या सेटिंगमध्ये, सगळ्या कोअरना उणे ३०. प्राइम९५ दहा तास पास. आणि काल पीडीएफ वाचत बसलो होतो, माउसला हातही नव्हता, तर मशीन धाडकन रिस्टार्ट. ब्लू स्क्रीनसुद्धा नाही. पॉवर सप्लाय बदलू का?

जुनासॉकेट:
थांबा, पैसे घालवू नका. मी हाच उद्योग केलाय. नवा सप्लाय लावला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

जुन्या सेलेरॉन ३००ए प्रोसेसरची बस, म्हणजे मूळ घड्याळ, ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली की ३०० चा ४५० व्हायचा. नंतरच्या क्यू६६०० ला २६६ च्या जागी ३३३ दिले की २.४ चा ३.० गिगाहर्ट्झ. तेव्हा सगळे कोअर एकाच वेगाने पळायचे, त्यामुळे पूर्ण लोड हीच सगळ्यात अवघड वेळ. ती निभावली की बाकी चिंता नसायची. तुमच्या २५००के लाही तेच लागू.

५६००एक्स चं उलटं आहे. सगळ्या कोअरवर लोड आला की ७६ वॉटची मर्यादा आडवी येते आणि वेग खाली येतो. ४.६ गाठायचा तो एखादाच कोअर, तोही काम हलकं असताना, आणि नेमकं तेव्हाच कमी केलेलं व्होल्टेज पुरत नाही. दहा तास परीक्षा झाली खरी, पण भलत्याच धड्यावर!

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीआ-लॉगर (WHEA-Logger, हार्डवेअरच्या चुकांची नोंद), आयडी १८ शोधा. त्यात एपीआयसी आयडी, म्हणजे चुकलेल्या थ्रेडचा क्रमांक असेल. एका कोअरचे थ्रेड दोन, म्हणून २ ने भागा. दोषी कोअर सापडेल.

बिनपंख्याचा:
पण यांनी वेग वाढवलाच नाही, व्होल्टेज कमी केलं. याला ओव्हरक्लॉक म्हणायचं?

जुनासॉकेट:
म्हणायचं. व्होल्टेज वाचलं की बूस्ट, म्हणजे प्रोसेसर स्वतःहून वाढवतो तो वेग, त्याच मर्यादेत आणखी वर चढतो. आणि कारखान्यातून जे कोअर सर्वोत्तम ठरून येतात, तेच आधीपासून कमी व्होल्टेजवर असतात. त्यांच्यातून काढण्यासारखं फारसं उरलेलं नसतं, आणि आपण नेमकं त्यांनाही सरसकट उणे ३० देतो.

रात्रपाळी:
सापडला! आयडी ४, म्हणजे कोअर २. त्याला उणे १० वर आणलं, बाकीचे तसेच. कोअरसायक्लर या सॉफ्टवेअरने एकेक कोअर रात्रभर तपासला, तर कोअर ५ सुद्धा अडखळला. तो उणे २२. चार दिवस शांतता आहे.

जाता जाता: २५००के आता जुन्याच व्होल्टेजवर ४.४ ला टिकत नाही, ४.२ वर ठेवलाय. प्रोसेसर थकला की बोर्ड?

जुनासॉकेट:
दोन्ही असू शकतं. चढं व्होल्टेज आणि उष्णता सोसून चिप झिजते, मग त्याच वेगाला जास्त व्होल्टेज मागते. बोर्डावरचे कपॅसिटरही म्हातारे होतात. ४.२ वर सुखाने राहू द्या त्याला.