इंग्लंडमधला लीजहोल्ड फ्लॅट : छपराच्या खर्चाची नोटीस, आणि करार ८० वर्षांवर आलाय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इंग्लंडमध्ये लीजहोल्ड (म्हणजे ठरावीक वर्षांच्या करारावर, लीजवर घेतलेला) फ्लॅट असलेल्यांनी कृपया वाचावं. आठ दिवस झाले, धड झोप नाही.

२०२१ मध्ये आम्ही रेडिंगला दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. तीन मजली इमारत, २४ फ्लॅट. सॉलिसिटरने लीजबद्दल सगळं सांगितलं होतं, पण माझ्या डोक्यात पुण्यातली सोसायटीच होती. मेंटेनन्स भरायचा, वर्षातून एकदा सर्वसाधारण सभेला जायचं, हिशेब पटला नाही तर उभं राहून विचारायचं, कमिटी नीट वागली नाही तर पुढच्या वेळी बदलायची. इथे इमारत आणि जमीन एका कंपनीची, कारभार तिने नेमलेल्या मॅनेजिंग एजंटकडे. आम्ही २४ जण पैसे भरतो. त्या कंपनीचा एकही माणूस मी चार वर्षांत पाहिलेला नाही.

आता अडचण सांगते. गेल्या आठवड्यात पत्र आलं की छप्पर बदलायचं आहे, कलम २० नुसार ही सूचना, म्हणणं ३० दिवसांत लेखी कळवा. पत्रात रक्कम नाही. एजंटच्या ऑफिसात फोन केला तेव्हा अंदाजे ९६,००० पौंड म्हणाले. करारात माझा वाटा चोविसावा, म्हणजे ४,००० पौंड. इतके पैसे आमच्याकडे बाजूला ठेवलेले नाहीत. शिवाय यंदा सर्व्हिस चार्ज (इमारतीच्या देखभालीचा वार्षिक आकार) १,८५० वरून २,६४० झालाय. वाढ कशामुळे, हे विचारायला दोन ईमेल केले, उत्तर नाही. मी भरायचं थांबवलं तर चालेल का? शेजारचे म्हणतात थांबव, नवरा म्हणतो घर जाईल.

दुसरं म्हणजे लीज. २५ मार्च २००७ पासून ९९ वर्षं, म्हणजे आज (ऑक्टोबर २०२५) ८० वर्षं आणि पाच महिने उरलेत. ८० च्या खाली गेलं की मुदत वाढवणं महाग पडतं असं ऐकलं. पण २०२४ मध्ये नवीन कायदा आलाय ना? मग थांबावं का? ग्राउंड रेंट, म्हणजे मालकाला द्यायचं जमिनीचं भाडं, वर्षाला २०० पौंड आहे, २०३२ ला दुप्पट होणार.

तिसरी अडचण, आणि ही चूक माझीच. आई सांगलीहून सहा महिने राहायला येणार होती, तिला धुळीची ॲलर्जी, म्हणून हॉल आणि तिच्या खोलीतला कार्पेट काढून लॅमिनेट टाकलं. कुणाला विचारलं नाही. स्वतःच्या घरात फरशी बदलायला काय विचारायचं, असंच वाटलं. खालच्या आजी ८२ वर्षांच्या आहेत, त्यांना माझ्या मुलाच्या धावण्याचा आवाज जातो. त्यांनी तक्रार केली आणि एजंटने करारातलं कलम दाखवलं : स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सोडून सगळीकडे कार्पेट हवा. आईची ॲलर्जी खरी आहे, आणि आजींचा त्रासही.

– मिरजकर_कन्या

टेम्सकाठी :

ताई, पहिल्यांदा हे : भरणं एकदम थांबवू नका. पण निमूटपणे भरूही नका.

मागणीचं पत्र परत काढून बघा. सर्व्हिस चार्जच्या प्रत्येक मागणीसोबत तुमचे हक्क आणि जबाबदाऱ्या सांगणारा ठरावीक मजकूर जोडावाच लागतो, आणि मालकाचं नाव-पत्ता लागतो. ते नसेल तर जोडून मिळेपर्यंत रक्कम रोखून धरण्याचा हक्क कायद्याने आहे. ते असेल तर ‘हरकत राखून भरत आहे’ असं लेखी कळवून भरा. नुसतं भरलं म्हणजे मान्य केलं असं कायदा धरत नाही, नंतरही फर्स्ट-टियर ट्रायब्यूनलकडे (असे वाद सोडवणारं न्यायाधिकरण) जाऊन ‘हा खर्च वाजवी आहे का’ हे ठरवून घेता येतं. घर जाण्याबद्दल यजमान म्हणतात ते अगदी खोटं नाही. थकबाकीवरून लीज रद्द करण्याची तरतूद अजून कायद्यात आहे. पण वादातला सर्व्हिस चार्ज ट्रायब्यूनलने किंवा कोर्टाने आधी ठरवल्याशिवाय, किंवा तुम्ही कबूल केल्याशिवाय, त्यांना त्या वाटेने जाता येत नाही.

ईमेलला उत्तर नाही म्हणता, तर १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्याच्या कलम २१ खाली खर्चाचा गोषवारा मागा. तो हातात आला की सहा महिन्यांच्या आत कलम २२ खाली बिलं आणि पावत्या बघायला मागता येतात. ‘कृपया माहिती द्या’ लिहू नका, कलमाचा आकडा लिहा. माझा अनुभव असा की आकडा लिहिला की उत्तर येतं.

आता छप्पर. एका फ्लॅटवर २५० पौंडांपेक्षा जास्त बोजा पडणार असेल तर मालकाला रहिवाशांचा सल्ला घ्यावाच लागतो. तुम्हाला आलंय ते पहिल्या टप्प्याचं पत्र, म्हणून रक्कम नाही. या ३० दिवसांत तुम्ही म्हणणं मांडू शकता आणि स्वतःच्या पसंतीचा कंत्राटदारही सुचवू शकता. हे फार थोडे लोक करतात. दुसऱ्या टप्प्यात किमान दोन अंदाजपत्रकं येतील, त्यातलं एक मालकाशी संबंध नसलेल्याचं हवं, आणि पुन्हा ३० दिवस. हे त्यांनी टाळलं तर तुमच्याकडून २५० च्या वर घेता येत नाही. मात्र ट्रायब्यूनल या अटीतून सूट देऊ शकतं, तेव्हा त्यावर विसंबून राहू नका. छपराची तपासणी केलेला अहवाल मागा, पूर्ण बदलायचं की दुरुस्तीने भागेल ते विचारा. आणि सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेला निधी, किती जमलाय? आपल्याकडे सोसायटीत असतो तसा इथे सगळीकडे नसतो, करारात असेल तरच.

लीजबाबत माझं स्पष्ट मत आहे : थांबू नका. २०२४ चा कायदा ९९० वर्षांची मुदत देतो आणि ८० वर्षांखालचा तो जादा आकार, ज्याला मॅरेज व्हॅल्यू म्हणतात, काढून टाकतो. पण नेमकी हीच कलमं आजतागायत लागू झालेली नाहीत. आजच्या घडीला चालतो १९९३ चा कायदा. त्याखाली ९० वर्षं वाढीव मिळतात आणि ग्राउंड रेंट शून्य होतो. (कायद्याच्या भाषेत भाडं म्हणून ‘मिरीचा एक दाणा’!) किंमत ठरते ती तुमची रीतसर नोटीस मालकाला पोचते त्या दिवशी किती वर्षं उरलीत यावर. तेव्हा नोटीस २०२६ च्या मार्चआधी जाऊ दे. मालकाच्या वकिलाचा आणि मूल्यांकनाचा वाजवी खर्च तुम्हालाच द्यावा लागेल, तोही हिशेबात धरा.

कोथरूडकर_स्लाउवासी :

पुण्यात सगळं आपल्या मालकीचं असतं हेही जरा तपासून बघा. कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर करून देणं) झालं नसेल तर जमीन अजून बिल्डरच्याच नावावर असते, कित्येक सोसायट्या डीम्ड कन्व्हेयन्ससाठी, म्हणजे बिल्डरने सही केली नाही तरी सरकारी आदेशाने ते करून घेण्यासाठी, फेऱ्या मारताहेत. नवी मुंबईत सिडकोची जमीन तर ६० वर्षांच्या लीजवरच दिलेली. फरक एवढाच की तिकडे कारभार आपल्या हातात असतो. तो इथेही घेता येतो, त्याला राइट टू मॅनेज म्हणतात. २००२ च्या कायद्याने मिळालेला हक्क आहे, मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. तुमच्या २४ पैकी किमान १२ फ्लॅट सामील हवेत. ३ मार्च २०२५ पासून मालकाचा त्यातला खर्चही सहसा आपल्यावर येत नाही. पण सोपं समजू नका. आमच्या इमारतीत घेतलं, आता विम्यापासून जिन्यातल्या दिव्यापर्यंत सगळं आम्हीच बघतो, रात्री अकराला फोन येतात. तरी परत द्यायला मी तयार नाही.

टेम्सकाठी :

फरशीचं राहिलं. तिथे बाजू तुमची कमजोर आहे. करार तुम्हालाही बांधतोच. एजंटशी वाद घालण्याआधी खालच्या आजींना भेटा. खाली आवाज शोषणारा थर घालून लॅमिनेट ठेवायला मालकाची लेखी परवानगी मिळते का ते विचारा, नाही मिळाली तर कार्पेट परत घालावा लागेल. विकताना नाहीतर हेच कागद खरेदीदाराचा वकील मागतो.

मिरजकर_कन्या :

दोघांचे मनापासून आभार. मागणीचं पत्र पुन्हा पाहिलं, सोबत हक्कांचा मजकूर नाहीच, म्हणून तसं लिहून रक्कम रोखली आहे, पैसे वेगळ्या खात्यात ठेवलेत. कलम २१ चं पत्र काल रजिस्टर्ड पोस्टाने गेलं. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या लीजहोल्ड ॲडव्हायझरी सर्व्हिसकडे मोफत सल्ल्याची वेळ घेतली आहे, आणि लीजसाठी सर्व्हेअर शोधते आहे.

संध्याकाळी आजींकडे जाऊन आले. सोबत आईने केलेले बेसनाचे लाडू नेले. त्या म्हणाल्या मुलगा धावतो त्याचं काही नाही, पण रात्री दहानंतर खुर्च्या ओढल्या जातात. आज खुर्च्यांच्या पायांना फेल्टचे तुकडे लावले. छपराबद्दल त्यांनाही तेच पत्र आलंय. त्यांना पेन्शनमधून ४,००० कसे जमणार, म्हणून पत्राला उत्तर एकत्र द्यायचं ठरलंय. उद्यापासून बाकीच्या २२ दारांवर जाणार आहे.

एक विचारायचं राहिलं : निम्मे फ्लॅट भाड्याने दिलेले आहेत, मालक कुठे राहतात माहीत नाही. त्यांचे पत्ते कसे शोधायचे?

कोथरूडकर_स्लाउवासी :

लँड रजिस्ट्रीत प्रत्येक फ्लॅटच्या टायटलचा उतारा थोडी फी भरून ऑनलाइन मिळतो. लीजधारकाचं नाव आणि पत्रव्यवहाराचा पत्ता त्यात असतो. आधी भाडेकरूंना विचारा, बरेच जण फोन नंबर देतात. उरलेल्यांचेच उतारे काढा.