सर्टिफिकेट कंपनीच्या नावावर, खर्च आपला. स्वतःचं ग्लोबलगॅप काढावं का?

काळी_माती
नमस्कार मंडळी. तीन वर्षं झाली, आमचा २५ जणांचा गट एका एक्सपोर्टवाल्या कंपनीमार्फत ग्लोबलगॅपमध्ये (शेतात माल नीट, सुरक्षित पिकवल्याचं सर्टिफिकेट देणारी योजना) आहे. फवारणीची डायरी मी स्वतः लिहितो, कुठलं औषध, किती, कुठल्या प्लॉटला, कोणी मारलं, काढणीला किती दिवस राहिले, सगळं. पाणी तपासून घेतलं, औषधांची वेगळी खोली बांधली, मजुरांसाठी संडास आणि हात धुवायची सोय केली, सगळं स्वतःच्या खिशातून. यंदा ऐन काढणीत कंपनीने मालाला हातच लावला नाही. धावपळ करून दुसरा खरेदीदार आणला, माल त्याला पसंत पडला पण त्याने सर्टिफिकेट मागितलं. कंपनीला विचारलं तर म्हणे ते आमच्या नावावर आहे, तुम्हाला वापरता येणार नाही. शेवटी माल साध्या भावात गेला. हे खरंच नियमात आहे का? आणि आता स्वतःचं काढावं की हा नाद सोडावा?

बांधावरून
दादा, वाचून वाईट वाटलं पण नियम तसाच आहे. ऑप्शन १ म्हणजे शेतकऱ्याचं एकट्याचं सर्टिफिकेट, ऑप्शन २ म्हणजे गटाचं. गटात ज्याच्या नावावर सर्टिफिकेट असतं तोच मालक, सभासदाला त्याच्या जोरावर स्वतःच्या नावाने माल विकता येत नाही. सही करताना हे कोणी नीट सांगत नाही, माझा खरा राग त्यावर आहे. ही योजना १९९७ मध्ये युरोपातल्या मोठ्या दुकानदारांनी युरेपगॅप नावाने सुरू केली, २००७ मध्ये नाव बदललं. म्हणजे अटी विकत घेणाऱ्याने घातल्या आणि त्या पाळायचा खर्च पिकवणाऱ्यावर आला, वर गिऱ्हाईकाला बहुतेक वेळा पाकिटावर या सर्टिफिकेटचं नावही दिसत नाही, मग जादा भाव कुठून मिळणार.

नोंदवही
भावाचं पटतं, पण नाद सोडू नका असं मी म्हणेन. पहिल्या ऑडिटला साहेबांनी माझ्या औषधांच्या खोलीत नुसतं वर बघितलं. पातळ औषधाचे कॅन वरच्या फळीवर आणि पावडरच्या पुड्या त्याखाली. गळलं तर थेट पावडरमध्ये जाईल, खालीवर करा म्हणाले. तेव्हा कटकट वाटली, पण वरच्या एका कॅनचं बूच खरंच ओलं होतं, बोटाला लागलं. दुसऱ्या वर्षी मालाच्या सॅम्पलमध्ये मी कधीच न मारलेल्या औषधाचा अंश निघाला. युरोपात ज्याची वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा लागते, शेजारच्या फवारणीचा वारा आला तरी तेवढं सापडू शकतं. डायरी, औषधांच्या पावत्या आणि शेजाऱ्याची फवारणीची तारीख समोर ठेवली म्हणून मी खोटा ठरलो नाही. त्या लॉटचा माल मात्र नाकारला तो नाकारलाच, आणि चूक दुसऱ्याची असताना नुकसान आपण का सोसायचं याचं उत्तर या योजनेत कुठेच नाही.

हिरवळ
काळी_माती दादा, एकट्याने काढू नका, ऑडिटची फी एकट्याला फार जड जाते. तुमचे २५ जण आहेतच तर गटाची स्वतःची नोंदणी करा आणि सर्टिफिकेट गटाच्या नावावर घ्या. बाहेरचा ऑडिटर सगळी शेतं बघत नाही, सभासद संख्येच्या वर्गमुळाइतकी तरी बघतो, म्हणजे २५ जणांत ५. पण त्याआधी गटाने वर्षातून एकदा सगळ्या २५ जणांची आतली तपासणी करायची असते, आणि खरं काम तेच आहे. आमच्या गटात एकाने डायरी ऑडिटच्या आदल्या रात्री एकाच पेनाने बसून लिहिली, ते पकडलं गेलं आणि सगळ्या गटाचं सर्टिफिकेट अडकलं. तपासणीतले मेजर म्हणजे महत्त्वाचे मुद्दे शंभर टक्के पाळलेले लागतात, मायनर म्हणजे त्याखालचे ९५ टक्के. पहिल्या वेळी त्रुटी भरायला तीन महिने मिळतात, पुढच्या वर्षांत फक्त २८ दिवस. म्हणून डायरी बघायला गटातलाच एक माणूस नेमा आणि त्याला कामाचे पैसे द्या, फुकटात कोणी वर्षभर करत नाही.

काळी_माती
सगळ्यांचे आभार. वर्गमूळाचं माहीतच नव्हतं. रविवारी गट बसतोय, त्यात गटाच्या नावाचा विषय घेतो. हिरवळ ताई, तपासणी करणाऱ्याला तुम्ही एकरावर पैसे देता की महिन्यावर? आणि कंपनीकडे अडकलेल्या आमच्या जुन्या नोंदींच्या कॉप्या मागायच्या का, की डायरी नव्यानेच सुरू करायची?

हिरवळ
महिन्यावर. एकरावर दिले की लहान शेतकऱ्याकडे तो जातच नाही. कॉप्या आजच मागा, लेखी मागा, आणि पाण्याचे, मातीचे रिपोर्ट आधी ताब्यात घ्या.