मदत हवी आहे: स्टॉकिंगविषयी (नको असताना सतत पिच्छा पुरवण्याविषयी) सहकाऱ्यांशी बोलताना पीडितेची ओळख उघड होऊ नये म्हणून काय करावे?

नमस्कार. नाते संपवल्यानंतरही पिच्छा न सोडणाऱ्या एका माणसामुळे माझी एक सहकारी बराच काळ त्रस्त आहे. तिने पोलिसांत तक्रार दिली आहे, त्यामुळे मला सल्ला हवा आहे तो आम्हा बाकीच्यांसाठी. तो माणूस तिच्यापर्यंत पोहोचतो तो बऱ्याचदा आमच्यामार्फतच. 'तिचा फोन लागत नाही, आज आली आहे का?' असे कोणी काळजीच्या सुरात विचारले की समोरचा सहज उत्तर देतो, कोणीतरी सर्वांचा फोटो ठिकाणाच्या नावासकट टाकतो, आणि 'एकदा भेटून काय ते मिटवून टाक' हा सल्ला तर सगळेच देतात. यांपैकी कोणाचाही हेतू वाईट नसतो, त्यामुळे त्यांना दोष न देता हे थांबवायचे कसे, हा पेच आहे.

तिच्या संमतीने मी सर्वांसाठी तासाभराचे सत्र घेणार आहे. अशा माणसाला एकदाच, स्पष्ट शब्दांत नकार द्यावा आणि पुढे मौन पाळावे; कारण चाळीस फोनांनंतर एक जरी उचलला, तरी चाळीस फोन केले की उत्तर मिळते एवढेच तो शिकतो, हे मला आवर्जून सांगायचे आहे. संदेश रागाच्या भरात पुसून टाकू नयेत, प्रत्येक प्रसंगाची तारीख, वेळ, ठिकाण आणि साक्षीदार लिहून ठेवावेत, कारण एकेकटी क्षुल्लक वाटणारी घटना अशा नोंदवहीतच साखळी म्हणून दिसते. फोनमध्ये पाळत ठेवणारे ॲप असल्याचा संशय आला, तर ते घाईने काढल्यास पुरावा जातो आणि पाळत ठेवणारा सावधही होतो; मदत मागण्यासाठी दुसऱ्याचा फोन वापरणे बरे.

कायद्याविषयी थोडक्यातच बोलेन. कॅलिफोर्नियाने १९९० मध्ये, जपानने २००० मध्ये आणि भारताने २०१३ मध्ये यासाठी स्वतंत्र तरतूद केली. आपल्याकडे पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतले कलम ३५४-ड आता भारतीय न्याय संहितेत कलम ७८ झाले आहे आणि स्त्रीच्या इंटरनेट किंवा ईमेलच्या वापरावर पाळत ठेवणेही त्यात येते. हे कलम पुरुष आरोपी आणि स्त्री पीडित एवढेच गृहीत धरते. पुरुषाने असा त्रास सांगितला की लोक हसतात, तेव्हा त्याबद्दलही दोन वाक्ये बोलावीत असे मला वाटते.

आता मुख्य प्रश्न. सत्र जाहीर होताच 'हे नक्की कोणासाठी?' अशी कुजबुज सुरू होईल. ते टाळण्यासाठी हा विषय माहितीच्या गोपनीयतेच्या एखाद्या व्यापक सत्रात मिसळावा, की त्यामुळे त्याचे गांभीर्य हरवेल? शिवाय चौकशीचा फोन आल्यावर सर्वांनी म्हणावे असे एकच ठरलेले वाक्य हवे आहे, जे उद्धट वाटणार नाही आणि ती आली आहे की नाही याचा सुगावाही लागू देणार नाही. कोणी असे सत्र घेतले असल्यास किंवा स्वतः या त्रासातून गेले असल्यास, सहकाऱ्यांच्या कोणत्या वागण्याने खरोखर आधार वाटला, तेही कृपया लिहावे.