डायलिसिस पुरेसे झाले की नाही, हे श्वासावरून सांगणारे यंत्र कोठे मिळेल?

वसनाकाठ: माझ्या वडिलांचे साताऱ्यात डायलिसिस चालू आहे. अलीकडे त्यांच्या तोंडाला लघवीसारखा उग्र वास येतो आणि अन्न नकोसे झाले आहे. युरिया (रक्तात साचणारे टाकाऊ द्रव्य) तपासायचा म्हणजे पुन्हा सुई टोचणे आले. श्वासातील अमोनिया मोजूनही हे कळते, असे वाचले. ते यंत्र सातारा-सांगलीत कोठे मिळेल, एवढेच कृपया लवकर सांगावे.

हरिपूर संगम: डायलिसिस आठवड्यातून किती वेळा आणि किती तास होते? फिस्टुला (सुई टोचण्यासाठी हातातील धमनी व शीर जोडून केलेली जागा) आहे की कॅथेटर (मोठ्या शिरेत बसवलेली नळी)? डायलिसिसच्या आधीचा व नंतरचा युरिया किती आहे?

अजिंक्यतारा: तत्त्व अगदी खरे आहे. रक्तातील युरिया लाळेत उतरतो आणि तोंडातील जिवाणू त्याचा अमोनिया करतात. बारामतीत जन्मलेले, कार्बन डायऑक्साइड लेसरचे जनक सी. कुमार पटेल यांनी सहकाऱ्यांसह 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, डायलिसिस चालू असताना श्वासातील अमोनिया रक्तातील युरिया व क्रिएटिनिन (असेच आणखी एक टाकाऊ द्रव्य) यांच्याबरोबर कसा उतरत जातो, हे दाखवले होते. अशी यंत्रे तालुक्याच्या केंद्रांपर्यंत पोहोचली पाहिजेत, असे मला मनापासून वाटते.

हरिपूर संगम: अमोनिया तोंडातच तयार होत असेल, तर तो आकडा रक्ताचा मानायचा की तोंडाचा? नुसती चूळ भरली तरी तो बदलतो. शिवाय ज्या पोटॅशियममुळे हृदय बंद पडू शकते, ते श्वासातून कळत नाही.

अजिंक्यतारा: रुग्ण तोच आणि मोजण्याची पद्धत तीच ठेवली, तर आकड्यातील घट उपयोगी पडते. मी रक्ततपासणी बंद करा असे म्हटलेलेच नाही.

माणदेशी: महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. शिधापत्रिका घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्रांना भेटावे.

वसनाकाठ: उपचार योजनेतूनच चालू आहेत, माझा प्रश्न यंत्राचा आहे. डायलिसिस आठवड्यातून दोनदा, चार तासांचे असते. परंतु पायांत गोळे आले की वडील ते लवकर थांबवायला लावतात. डाव्या हाताला फिस्टुला आहे. नंतरचा युरिया कधी तपासलेला नाही.

हरिपूर संगम: हे आधी लिहायला हवे होते. श्वासावरून डायलिसिस ठरवण्याची पद्धत अजून नित्याच्या उपचारात आलेली नाही, त्यामुळे यंत्र शोधण्यात वेळ घालवू नये. रक्ताचे आधीचा व नंतरचा असे दोन्ही नमुने डायलिसिसच्या वेळीच घेता येतात, त्यासाठी वेगळी सुई लागत नाही. मात्र नंतरचा नमुना डायलिसिस यंत्राच्या पंपाचा वेग कमी करून घेतला आहे ना, हे तंत्रज्ञांना विचारावे. युरिया 140 वरून 49 वर आला, तर घट 65 टक्के होते, आणि ही किमान मर्यादासुद्धा आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्यांसाठी आहे. वाढलेला वास आणि अर्धवट सुटणारे तास, दोन्ही याच आठवड्यात मूत्रपिंडतज्ज्ञांच्या कानावर घालावे. थोड्या वेळात जास्त पाणी काढावे लागले की गोळे येतात, म्हणून दोन डायलिसिसच्या दरम्यान वडिलांचे वजन किती वाढते, तेवढे येथे लिहावे.